किंडल की टॅब? आधी तुमची पुस्तकं कुठून येणार ते बघू

पत्र बरंच मोठं आहे म्हणून आटोपशीर करून देतेय. डोंबिवलीच्या एक वाचक, वय ४३, बँकेत नोकरी, रोजची लोकल सीएसएमटीपर्यंत. घर लहान, माळ्यावर सासऱ्यांनी जमवलेल्या पुस्तकांची खोकी, आणि नवऱ्याने जाहीर केलंय की आता घरात एकही नवीन पुस्तक येणार नाही. सासूबाई ७४ वर्षांच्या. पूर्वी दिवाळी अंक जाहिरातींसकट वाचून काढायच्या, दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, सुरुवातीला छान दिसायचं, पण आता दोन पानं वाचली की मिटून ठेवतात, "अक्षर पुसट छापतात गं हल्ली" म्हणतात. न्यू जर्सीचा भाऊ दिवाळीत येतोय, तो म्हणतो किंडल आणतो, ॲमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र. ऑफिसमधला एक मुलगा म्हणतो किंडल नको, ॲन्ड्रॉइडवालं ई-इंक घ्या, म्हणजे कागदासारखा दिसणारा काळापांढरा पडदा, पण फोनसारखी ॲप्स टाकता येणारं. लेक म्हणते टॅबच घे ना, मलापण होईल. बाईंना एकच यंत्र हवंय, दोघींना चालेल असं, पंधरा हजारांच्या आत. पुस्तकांची काळजी नाही म्हणतात, टेलिग्रामवरून पाचशे मराठी पुस्तकांच्या पीडीएफ उतरवून ठेवल्यात. मोबाईलवर वाचायचं नाही कारण डोळे जातात. आणि शेवटी एकच ओळ: "नेमकं कोणतं घेऊ ते सांगा."

ताई, तुमच्या पत्रात इंच आहेत, जीबी आहेत, किमती आहेत, तीन जणांचे सल्ले आहेत, पण तुम्हाला पुढचं पुस्तक कोणतं वाचायचंय ते कुठेच नाहीये. गाडी तिथेच अडलीय असं मला वाटतं. फक्त इंग्रजी वाचणाऱ्याला हा प्रश्न फारसा पडत नाही, तो कुठलंही यंत्र घेऊदे, त्याला हवं ते पुस्तक बहुतेक वेळा मिळतंच. मराठी वाचणाऱ्याचं तसं नाही. आपली पुस्तकं चार ठिकाणी विखुरलेली आहेत आणि एका ठिकाणचं पुस्तक दुसऱ्या ठिकाणच्या यंत्रावर उघडेलच असं अजिबात नाही. त्यामुळे यंत्र नंतर, आधी पुस्तकं कुठून आणणार ते.

म्हणजे बघा, किंडलवर अधिकृतपणे मराठी पुस्तकं आली २०१६ च्या डिसेंबरमध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळमच्या बरोबर. तेव्हापासून बरीच भर पडलीये, मेहतांसारख्या मोठ्या प्रकाशकांची पुष्कळ पुस्तकं तिथे आहेत, अनुवादित कादंबऱ्या आहेत, लोकांनी स्वतःच छापलेलं बरंवाईट खूप आहे. पण तुम्ही एखादं जुनं, लायब्ररीत हमखास मिळणारं पुस्तक शोधायला गेलात तर नसण्याचीच शक्यता जास्त. मग बुकगंगा, मराठी पुस्तकांचं ऑनलाइन दुकान. तिथे मराठी ई-पुस्तकं भरपूर, पण ती वाचायची त्यांच्याच ॲपमध्ये, म्हणजे फोन, टॅब किंवा कॉम्प्युटर. किंडलवर ते ॲप टाकताच येत नाही. तिसरं म्हणजे फुकट आणि कायदेशीर: ई साहित्य प्रतिष्ठान, साहित्य आणि संस्कृती मंडळाची साईट, हे सगळं मुख्यतः पीडीएफमध्ये. आणि चौथं, ज्याकडे फार कोणी बघत नाही ते मराठी विकिस्रोत, विकिपीडियावाल्यांचंच फुकट ग्रंथालय. तिथली पुस्तकं ईपब या ई-पुस्तकांच्या फाईलप्रकारात उतरवता येतात, आणि ईपब म्हणजे अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. साने गुरुजी गेले १९५० साली, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन सगळ्यांसाठी मोकळं आहे. तुमच्या सासूबाईंच्या पिढीने लहानपणी जे वाचलं त्यातलं काही या मोकळ्या खात्यात येतं.

इतकी वर्षं झाली तरी मराठीत ईपब एवढी कमी का असा प्रश्न मलाही पडायचा. त्याचं एक कारण अगदी प्रेसमधलं आहे. आपली बहुतेक पुस्तकं वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोड (कुठल्याही यंत्रावर अक्षरं सारखीच ओळखली जावीत म्हणून ठरवलेली पद्धत) नसलेल्या फॉन्टात जुळवली गेली. कागदावर सुरेख छापतात, पण त्या पीडीएफमधून एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकून बघा, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसेल. अशा फाईलचं ई-पुस्तक करायचं तर आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलायचा आणि मग अख्खं पुस्तक परत प्रूफ वाचून काढायचं, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास इकडचे तिकडे होतात. छोट्या प्रकाशकाला त्याचा खर्च परवडत नाही, तो पीडीएफच पुढे करतो.

आता तुमचा तो टेलिग्रामचा खजिना. दोन गोष्टी, एक गोड एक कडू, कडू आधी. त्यातली बहुतेक पुस्तकं कोणीतरी स्कॅन करून परवानगीशिवाय टाकलेली असणार. मराठी पुस्तकाची आवृत्ती किती निघते तर बऱ्याचदा हजार प्रती, त्यात अशी फाईल फिरायला लागली की पुढची आवृत्ती निघतच नाही. मी काही पोलीस नाही, पण तुम्ही विचारलंय म्हणून सांगितलं. गोड गोष्ट ही की हा खजिना तुम्ही सोडलात तरी फार काही गमावणार नाही, कारण सहा-सात इंची ई-रीडरवर तो धड वाचताच येत नाही. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. फोटोतलं अक्षर मोठं केलं की ओळ स्क्रीनच्या बाहेर जाते, मग डावीकडे सरकवा, उजवीकडे सरकवा, ई-इंकचा पडदा तेवढ्यात एकदा काळापांढरा होऊन लुकलुकतो, आणि आपण मघाशी कुठल्या ओळीवर होतो तेच सापडत नाही. त्यातल्या त्यात उपाय म्हणजे यंत्र आडवं धरायचं आणि कडेचा पांढरा समास कापून टाकायचा, अर्धं पान वर, अर्धं खाली. कायदेशीर पीडीएफलाही हाच उपाय. पण हे अधूनमधून ठीक आहे, रोज कोणी करत नाही. पीडीएफच वाचायच्या असतील तर दहा इंची पडदा लागतो. दिवाळी अंकांचंही तेच, दोन-तीन कॉलम, मधे चित्रं, चौकटी, पानभर जाहिराती, ते छोट्या काळ्यापांढऱ्या पडद्यावर नाही जमत.

डोळ्यांबद्दल. मोबाईलने डोळे जातात हे आपल्याकडे आयांनी इतक्या वेळा सांगितलंय की ते खरंच वाटायला लागलंय. पडद्याच्या निळ्या प्रकाशाने डोळ्याला कायमची इजा होते याला पुरावा नाही असं अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची संघटनासुद्धा सांगते. थकवा येतो तो खरा, पण त्याचं मुख्य कारण आपण पडद्याकडे बघताना पापण्या कमी मिटतो, डोळे कोरडे पडतात, आणि अक्षर बारीक ठेवून फोन नाकाशी धरतो. ई-इंक वेगळं आहे ते असं: पडद्याच्या आत बारीक कुप्यांमध्ये काळे आणि पांढरे कण असतात, विजेच्या झटक्याने काळे वर येतात किंवा पांढरे, आणि एकदा आले की वीज बंद केली तरी तिथेच बसून राहतात. म्हणून बॅटरी जाते ती मुख्यतः पान उलटताना आणि लाईटला. लाईट असतो तोही कडेने पानावर पडतो, मागून डोळ्यात येत नाही, आणि उन्हात तर छापील कागदासारखं स्वच्छ दिसतं. वाचायला सुखाचं आहे यात वादच नाही. पण तुमचे डोळे वाचवायला ते घ्यायलाच हवं असं नाही, अक्षर मोठं करून आणि मधेमधे खिडकीबाहेर बघत फोनवर वाचलंत तरी काही बिघडत नाही.

तुमच्या पत्रातली ज्या ओळीवर मी सगळ्यात जास्त थांबले ती यंत्राबद्दलची नव्हतीच. सासूबाईंना ऑपरेशननंतर आधी छान दिसत होतं आणि आता अक्षर पुसट दिसतं. छापणाऱ्यांनी अक्षर पुसट केलेलं नाही हो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी आत बसवलेल्या भिंगामागचा पातळ पडदा धुरकट होऊ शकतो, बऱ्याच जणांना होतो, आणि त्यावर लेझरचा छोटासा इलाज असतो, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी. त्यांना तेच झालंय असं मी इथे बसून म्हणू शकत नाही, दुसरंही काही असेल, पण किंडलच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्या, या आठवड्यातच घ्या. दुसरं म्हणजे जवळचा चष्मा. नेहमीचं साधं भिंग बसवलं की लांबचं दिसतं पण वाचायला चष्मा लागतोच, आणि ऑपरेशननंतर नवा नंबर न काढता जुनाच चष्मा वापरणारी माणसं घरोघरी आहेत. तिसरं, त्या कुठे बसून वाचतात ते बघा. ट्यूबलाईटखाली, तिच्याकडे पाठ करून, स्वतःच्याच सावलीत? खांद्यामागून येणारा एक टेबललॅम्प लावून बघा, पाचशे रुपयांत काम होऊ शकतं.

एवढं करूनही मोठं अक्षर लागणार असेल तर मग यंत्र, पण ते तुमचं नव्हे, त्यांचं वेगळं. दोघींत एक ही कल्पना मला पटत नाही. तुम्ही सकाळी साडेसातला ते पर्समध्ये घालून निघणार आणि रात्री आठला परत येणार, त्या दुपारी जेवण झाल्यावर वाचणार, म्हणजे त्यांच्या वाचायच्या वेळेला यंत्र फोर्टात. शिवाय तुमच्या गरजाच उलट्या आहेत. तुम्हाला हलकं, एका हातात मावणारं, गर्दीत दांडीला धरून अंगठ्याने पान उलटता येईल असं हवंय. त्यांना मोठा पडदा हवाय, कारण सहा इंची पडद्यावर अक्षर खूप मोठं केलं तर पानावर जेमतेम तीस-चाळीस शब्द उरतात आणि माणूस वाचतो कमी, पानंच जास्त उलटतो. किंडलचा मेनू मराठीत नाही, चुकून कुठे बोट लागलं की भलतंच काहीतरी उघडतं आणि मग "सूनबाई, हे बघ गं काय झालं" असं तुम्हाला बँकेत फोन.

त्यांच्यासाठी दहा इंची साधा टॅब, महागातला नको. पीडीएफ दिवाळी अंक रंगीत दिसतील, दोन बोटांनी मोठं करणं त्यांना फोनवरच्या फोटोंमुळे बहुतेक येतच असेल, बुकगंगाचं ॲप चालेल, वाचून कंटाळा आला तर पुस्तक ऐकता येईल. वजन मात्र साडेचारशे-पाचशे ग्रॅम असतं, हातात धरून मनगट दुखतं, त्यामुळे स्टँड घ्याच, नाहीतर पोथी ठेवायची लाकडी ठवणी घरात असेल तर ती काढा, तिच्यावर टॅब मस्त बसतो. आणि लेकीला आत्ताच सांगून ठेवा की हा आजीचा आहे, नाहीतर महिनाभरात त्यात गेम आणि आजीच्या हातात परत पुसट अक्षर.

आता तुमचं. तीन रस्ते आहेत म्हणा.

किंडल. पेपरव्हाइट २०२५ मध्ये आपल्याकडे आलं तेव्हा १६,९९९ रुपये किंमत होती, सात इंची, २११ ग्रॅम, पाण्यात पडलं तरी चालणारं, आणि जुलैत ठाण्याच्या पुढे दारात उभं राहून प्रवास करणाऱ्या बाईसाठी हा मुद्दा लहान नाही. साधं सहा इंची १५८ ग्रॅम, स्वस्त, पण पाण्यापासून सांभाळायचं. बॅटरीचं "अमुक आठवडे" वाचून हुरळू नका, तो हिशोब रोज अर्धा तास वाचन आणि वायफाय बंद असा धरलेला असतो. दहा आठवडे म्हणजे प्रत्यक्षात ३५ तास. तुमचा जाऊनयेऊन प्रवासच रोज अडीच तासांचा, म्हणजे दोन-अडीच आठवड्यांनी चार्जिंग, तरी उत्तमच. खोट कुठे, तर पुस्तक विकत घेतलं तरी ते तुमचं असं नसतं, वाचायची परवानगी असते. २००९ साली ॲमेझॉनने विकलेली पुस्तकं लोकांच्या किंडलवरून परत काढून घेतली होती, पैसे दिले परत, पण घेतली. २०२५ च्या फेब्रुवारीपासून विकत घेतलेलं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने टाकायची सोयही बंद झाली. शेजारच्या काकूंना वाचायला देणं वगैरे विसराच. तुमच्या ऑफिसमधला मुलगा "बंदिस्त" म्हणतो ते खोटं नाही.

तो म्हणतो ते ॲन्ड्रॉइडवालं, बूक्स नावाच्या कंपनीच्या यंत्रांसारखं. त्याचा फायदा मराठीवाल्याला खरंच मोठा आहे, एकाच ई-इंक पडद्यावर किंडलचं ॲप, बुकगंगा, प्ले बुक्स सगळं टाकता येतं, काही मॉडेल्सना पान उलटायला बटणंही असतात. पण हे कोणासाठी, तर ज्याला सेटिंगमध्ये बोटं घालायला आवडतं त्याच्यासाठी. ही ॲप्स फोनच्या पडद्यासाठी बनवलेली आहेत, ई-इंकवर ती सरकवताना आधीच्या पानाची भुतं मागे राहतात, मग रिफ्रेशचा मोड बदला, कॉन्ट्रास्ट वाढवा, बॅटरी आठवड्यांऐवजी दिवसांत मोजायची, बिघडलं तर दुरुस्तीचा प्रश्न, आणि चांगलं मॉडेल तुमच्या पंधरा हजारांत बसवणं अवघड. त्या मुलाला त्यात मजा येत असेल. तुम्हाला येईल का हे तुम्हीच ठरवा, मला तुमच्या पत्रावरून तसं वाटलं नाही.

कोबो या दुसऱ्या ई-रीडरचं नाव तुम्ही घेतलंय, चांगलं यंत्र आहे, पण इथे सहज मिळत नाही आणि त्याची खरी मजा परदेशातल्या सार्वजनिक लायब्रऱ्यांमधून ई-पुस्तकं घेण्यात आहे, ती आपल्याला नाही. रंगीत ई-इंकचा मोह टाळा. त्यात रंगीत चित्राची बारकाई काळ्यापांढऱ्याच्या निम्मी असते, इंचाला ३०० ऐवजी १५० ठिपके (पीपीआय), आणि पडदा जरा मळकट दिसतो. कादंबरीला रंग कशाला.

तिसरा रस्ता म्हणजे सध्या काहीच न घेणं, आणि खरं सांगू का, दिवाळीपर्यंत तुम्ही याच रस्त्यावर राहावं. एक वही घ्या, नाहीतर फोनच्या नोट्समध्ये लिहा: येत्या वर्षात खरोखर वाचायची आहेत अशी दहा पुस्तकं. चांगली म्हणून नव्हे, वाचायची म्हणून. मग प्रत्येकासमोर लिहा कुठे मिळतं, किंडल, बुकगंगा, विकिस्रोत, की फक्त कागदावर. दहातली सहा-सात किंडलवर असतील, किंवा तुम्ही लोकलमध्ये इंग्रजी थ्रिलरच वाचणार असाल, तर भावाला हो म्हणा. बहुतेक सगळी बुकगंगावर निघाली तर ॲन्ड्रॉइडवाल्याचा विचार करा, बजेट वाढवून. आणि निम्म्याहून जास्त फक्त कागदावर निघाली, जे मराठीत सहज होऊ शकतं, तर लायब्ररी. तुमच्या डोंबिवलीत फ्रेंड्स लायब्ररी आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, लायब्ररीतलं पुस्तक घरात कायमचं येत नाही, म्हणजे नवऱ्याचा नियमही मोडत नाही. त्याला हेही सांगा की किंडल आलं म्हणून माळ्यावरची खोकी रिकामी होणार नाहीत. सासऱ्यांची पुस्तकं किंडलवर नाहीत. त्यांचं काय करायचं हा वेगळा विषय आहे, आणि तो सासूबाईंना विचारल्याशिवाय कोणी ठरवू नये.

यादी करता करता फोनवर किंडलचं फुकट ॲप टाका आणि मराठी पुस्तकांची सॅम्पल उतरवा, पैसे पडत नाहीत. लोकलमध्ये वाचून बघा. वाचलं जातंय का, की दोन मिनिटांत व्हॉट्सॲप उघडलं जातंय? दुसरं होत असेल तर ई-रीडरचा खरा उपयोग तुम्हाला आहे, कारण त्यात व्हॉट्सॲप नाही. पण जागा मिळाल्यावर तुम्हाला झोपच लागत असेल तर, ताई, सतरा हजारांची उशी घेऊ नका. सॅम्पलमध्ये अक्षरंही तपासा: "दुसऱ्या", "ऱ्हास", "ॲप", "ऑफिस" हे नीट दिसतात का. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली, त्यामुळे जुन्या फॉन्टवर किंवा निष्काळजीपणे बनवलेल्या पुस्तकात त्याजागी चौकोन दिसतो. तीन-चार सॅम्पल अशी निघाली की कुठल्या प्रकाशकाची ई-पुस्तकं घ्यायची नाहीत ते आपोआप कळतं.

आणि किंडलच ठरलं तर भावाला लगेच कळवा, नाहीतर तो घाईत शेवटच्या दिवशी घेईल. अमेरिकेत स्वस्तातलं मॉडेल लॉकस्क्रीनवर जाहिराती दाखवणारं असतं, बिनजाहिरातीचं वीस डॉलर जास्त, ते घ्यायला सांगा. वॉरंटी तिथली राहील, म्हणजे इथे बिघडलं तर परत त्याच्याकडेच पाठवायचं, हे धरून चाला. त्याने स्वतःच्या अकाउंटवर सुरू करून आणू नये, खोकं बंदच आणावं, इथे आल्यावर तुमच्या भारतातल्या अकाउंटवर नोंदवा म्हणजे रुपयांत आणि भारतीय दुकानातून पुस्तकं मिळतील. विकिस्रोतची ईपब ॲमेझॉनच्या 'सेंड टू किंडल' या सोयीने ईमेल करून त्यावर पाठवता येतात, २०२२ पासून ईपब चालतं. एक कव्हर मात्र इथेच घ्या, गडद रंगाचं, वहीसारखं दिसणारं, गर्दीच्या डब्यात आपल्या हातात काय आहे ते सगळ्यांना कळायची गरज नसते.